सोनीची पात

आमच्याकडे परीक्षा आणि कांदा एकदमच काढणीला येतात. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच आहे. इकडे फळ्यावर वेळापत्रक लागतं आणि तिकडे रानात कांद्याच्या माना पडू लागतात. मान पडली म्हणजे कांदा तयार झाला. हिरवी पात आधी टोकाला पिवळी होते, मग बुडाशी मऊ पडते, आणि एका सकाळी बघावं तर अख्खा वाफा कुशीवर निजल्यासारखा दिसतो. मग घरात कुणी पुस्तक घेऊन बसलं की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. बोलत कुणीच नाही. पण मला उगाच वाटायचं, की दारातून जाणारा प्रत्येकजण माझ्या रिकाम्या हातांकडे बघून पुढे जातो.

यंदा माझं पदवीचं शेवटचं वर्ष. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. म्हणून आईने मामाच्या फोनवरून निरोप दिला होता, "हितं येऊ नको. तिथंच अभ्यास कर." तरी मी आले. पुण्याहून येणारी गाडी मंचरला सोडली आणि लोणीच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. समोरून कांद्याने भरलेला टेम्पो गेला आणि त्याच्यामागून वास आला. कापलेल्या पातीचा तो उग्र, ओलसर, कुठेतरी थोडासा गोड वास. कांद्याची एक सोय असते, डोळ्यांत पाणी आलं तर त्याच्यावर ढकलता येतं. पण तोवर टेम्पो केव्हाच पुढे गेला होता.

त्या वासाबरोबर मला दरवर्षी एकच सुगी आठवते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. मी आठवीत होते आणि माझी धाकटी बहीण सोनी नऊ वर्षांची होती. सोनीला त्या वर्षी जगात एकच गोष्ट हवी होती. तिला स्वतःची पात हवी होती.

कांद्याची नव्हे. ज्यांनी रानात काम केलेलं नाही त्यांना हे सांगावं लागतं. काढणीला किंवा खुरपायला बायका ओळीने बसतात. प्रत्येकीच्या समोर जमिनीचा एक अरुंद पट्टा असतो. तो उपटत, साफ करत ती पुढे सरकते. त्या पट्ट्यालाही आमच्याकडे पातच म्हणतात. पात धरली की बांधापर्यंत न्यायची. एखादी मागे पडली तर शेजारीण तिच्यातलं थोडं आपल्याकडे ओढून घेते. मुलगी सात-आठ वर्षांची झाली, की तिला आईच्या बाजूला अर्धी पात देतात. कौतुकाने देतात. "आता हिची पात लागली" म्हणतात, जणू कुठेतरी तिचं नावच लागलं. मला माझी पात मिळाली तेव्हा पाठ दुखते म्हणून मी रडले होते. सोनी मात्र पात मिळत नाही म्हणून रडायची.

सोनीच्या हातातून सगळं निसटायचं. कप घट्ट धरला तर चहा हिंदकळायचा, सैल धरला तर कपच खाली. घरात शिरताना ती उंबऱ्याला ठेचकाळायची, रोज त्याच उंबऱ्याला. सदऱ्याची बटणं लावून झाली की वर एक काज उरायचं आणि खाली एक बटण. अक्षर काढताना जीभ बाहेर यायची, आणि ओळ उतारावरच्या पाण्यासारखी वहीत खाली खाली जायची. बाकी ती चांगली तल्लख होती. पाढे माझ्याआधी म्हणायची. शाळेतल्या गुरुजींची नक्कल अशी करायची की आण्णा, म्हणजे आमचे वडील, हसता हसता खोकायला लागायचे. पण गावाने तिला नाव ठेवलं होतं, गळकी. गळक्या हाताची म्हणून गळकी. फुटक्या घागरीला म्हणावं तसं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर आईला भांडता तरी आलं असतं.

तेव्हा आमच्या गावात कांद्याला मजूर लावत नसत. सावड असायची. आज सगळ्या बायका आमच्या रानात, उद्या त्याच सगळ्या दुसरीच्या रानात, असं फिरत फिरत सगळ्यांचे कांदे निघायचे. आमच्या सावडीत भावकीतली हौसाआत्या पुढारी होती. तिची पात सगळ्यांच्या पुढे आणि तिचं तोंड तिच्याही पुढे. सोनी पातीला येऊन बसली की कांदा तुटायचा, पात हातात यायची आणि कांदा जमिनीतच राहायचा. सावरायला हात टेकला की तो शेजारणीच्या वाफ्यात.

"ए गळके, ऊठ गं तिथनं," हौसाआत्या ओरडायची. "पाण्याची कळशी घिऊन ये जा." मग तिचं तिलाच आठवायचं. "नगं, नगं. कळशी बी नगं. तू आपली झाडाखाली बस."

झाडाखाली झोळीतली तान्ही पोरं असायची. त्यांच्याजवळ सोनी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसायची आणि ओळीने पुढे जाणाऱ्या पाठी बघायची.

आईचं माहेर कळंबचं. मामाने एकदा येऊन सांगितलं, की तिथे दर रविवारी पुण्याहून एक ताई येतात आणि अशा मुलांना शिकवतात. "अशा" म्हणजे कशा, हे मामाला सांगता येईना. त्याने नुसती बोटं हवेत वेडीवाकडी हलवून दाखवली. आईला तेवढं पुरलं. मला सोबत घेतलं, कारण स्टँडवरच्या पाट्या आईला वाचता येत नाहीत. पहिल्या दिवशी आण्णाही आले.

देवळामागे एक लांबट खोली होती. दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली होती.

"वैशे, काय लिव्हलंय गं?" आण्णांनी विचारलं.

मी अडखळत वाचलं, "व्यवसायोपचार."

आण्णांनी त्यातला पहिला अर्धाच ऐकला. त्यांचा चेहरा असा उजळला, की तो मला अजून दिसतो. ते सरळ आत गेले आणि सतरंजीवर मुलांमध्ये बसलेल्या ताईंना म्हणाले, "येवसाय शिकिवताय व्हय? लई ब्येस झालं. शिलाईचा का वो?"

त्या नंदाताई. वयाने लहानच होत्या, शिक्षण संपून थोडेच दिवस झाले असावेत. त्या म्हणाल्या, "नाही हो दादा. हा मुलांचा व्यवसाय. म्हणजे जेवणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं. मूल दिवसभर जे करतं ते. ते त्याला नीट जमावं म्हणून हे सगळं."

"जेवायचा बी येवसाय असतोय?" आण्णा म्हणाले. "मंग आमच्या गावात लई मोठाले येवसायिक हायेत."

सगळे हसले. आण्णाही हसले. पण परतताना जीपमध्ये ते बाहेर बघत बसले. त्यांनी मनात शिलाई मशीन मांडलंसुद्धा होतं, आणि मशीनमागे सोनीला बसवलं होतं. ते सगळं परत उचलून ठेवायला वेळ लागणारच. मंचर गेल्यावर ते आईला म्हणाले, "नुसता खेळच हाय त्यो."

"खेळ तर खेळ," आई म्हणाली. "आपल्यात तिला खेळाया तरी कोन घेतंय?"

त्यानंतर आण्णा कळंबला आले नाहीत. पण दर रविवारी सकाळी रस्त्यात उभं राहून जीप तेच थांबवायचे.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. उदबत्ती, घोंगडी, भिजवलेली कणीक आणि लहान मुलांचा घाम. मुलं थोडीच होती. पिंपरी पेंढारहून एकजण मुलाला शालीने पोटाशी बांधून मोटारसायकलवर आणायचे. वर डोंगरातून किसन यायचा, भाताच्या खाचरांच्या मुलखातून, आईबरोबर पहाटे चालत निघून आणि मग एसटीने. हा किसन झाडावर माकडासारखा चढायचा, पण त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. नंदाताईंच्या पिशवीतून मोज्यांचे चेंडू निघत, वाळूच्या पुरचुंड्या निघत, कपडे वाळत घालायचे चिमटे निघत. चिमटे किसनच्या सदऱ्याला लावायचे, ही सोनीची आवडती कामगिरी. सगळे लावून झाले की किसन साळिंदरासारखा दिसायचा आणि फुरफुरत सगळ्यांच्या अंगावर जायचा. मग हसत हसत तेच चिमटे काढायचे. चिमटा दाबायला बोटांत जोर लागतो, आणि किती जोर लावायचा हेही बोटांना कळावं लागतं. ते काम होतं हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

पाण्याचा पेला हातोहात फिरवायचा एक खेळ होता. पाणी सांडलं की सगळ्यांनी एकदा टाळी वाजवायची, पेला पुन्हा भरायचा आणि पुढे द्यायचा. बस. सोनीला घरी सांडलं की धपाटा माहीत होता. पहिल्यांदा तिच्या हातून सांडलं आणि टाळी वाजली तेव्हा ती बावरून आईकडे बघायला लागली. मग तिने मुद्दाम पुन्हा सांडलं.

"ए, ही मुद्दाम सांडतीय!" किसन ओरडला.

"तुला काय करायचंय? तू नाडी बघ तुजी," सोनी म्हणाली. खरंच सुटली होती.

आईने एकदा विचारलं, की एकेकाला वेगळं का शिकवत नाही. नंदाताई म्हणाल्या, "तसंही शिकवतात. पण एकटं मूल आपण चुकतो एवढंच बघत राहतं. चारजण असले की दुसराही चुकताना दिसतो. मग धीर येतो. एकमेकांसाठी थांबायला पण शिकतात."

"म्हंजी सावडच की," आई म्हणाली.

नंदाताईंना हा शब्द नवा होता. आईने तो समजावून सांगितला. तेव्हापासून त्या खोलीतल्या सगळ्या आया त्या वर्गाला सावडच म्हणायला लागल्या. पाटीवरचा शब्द आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येत नव्हता.

मग एका रविवारी ताईंनी प्रत्येकाला विचारलं, तुला काय जमायला हवं? किसन म्हणाला, "नाडी. सुटली का समदी हसत्यात." सोनी म्हणाली, "मला माजी पात पायजे."

"छान," नंदाताई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी येताना मंचरच्या बाजारातून कांद्याच्या पातीच्या मोठ्या जुड्या आणल्या. सगळ्या मुलांना बोथट कात्र्या दिल्या. हिरवीगार पात मधोमध ओतली आणि मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "ही घ्या सोनीची पात. चला, कापूया."

मुलं कापायला लागली. सोनी बसून राहिली. तिने कात्री खाली ठेवली. "ही न्हाई," ती म्हणाली. "माजी पात. बसायची पात."

आयांमध्ये खसखस पिकली. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. मग ती उठली, सतरंजी बाजूला सारली आणि भुईवर उकिडवी बसून नुसत्या हातांनी कांदा उपटत उपटत भिंतीपर्यंत सरकत गेली. "ही पात, ताई," ती म्हणाली. "हिला ही पायजे. हिच्या वयाच्या समद्या पोरींची लागली."

नंदाताई हसल्या नाहीत. त्या आईच्या बाजूला तशाच उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "परत दाखवा. कांदा धरता कुठे? जोर कुठून लावता?" आई सांगत गेली, बुडाशी धरायचं, जरा पिळायचं, मग वर. ताई तेच सोनीच्या बोटांना जमेल एवढं बारीक करत गेल्या. आधी नुसतं बुडाशी धरणं. मग नुसतं पिळणं. पुरा कांदा वर यायला बरेच रविवार गेले. जुड्या आणल्या त्या रविवारी चिरलेल्या पातीचा मामीने झुणका केला, तो भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ला. सोनीने दोनदा मागून घेतला. राग गेल्यावर तिला भूक लागते.

त्यानंतर दोरी आली. पांढरी, सुती, खोलीच्या रुंदीएवढी. देवळामागच्या मोकळ्या जागेत माती भुसभुशीत करून त्यात कांदे खोचून ठेवायचे. मुलं ओळीने बसायची आणि सगळ्यांच्या समोरून ती दोरी आडवी टाकलेली असायची. आपल्या पातीतले कांदे दोरीपर्यंत उपटायचे, सगळ्यांची डोकी एका अंगाला येतील असे मांडायचे, आणि मग थांबायचं. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. शेजारचा आला का? सगळे आले की एकदम "दोरी!" म्हणायचं, ती सगळ्यांनी मिळून उचलायची आणि हातभर पुढे टाकायची. कुणाला एकट्याला पुढे जाताच यायचं नाही.

सोनी नेहमी शेवटची. किसन मांडीवर तबला वाजवत बसायचा. "सोने, आटप की गं. म्हातारा झालो मी हितं."

"मंग दाढी कुठंय?"

"डोंगरावर ठिवून आलोय."

पण तो थांबायचा. थांबणं हा त्या खेळाचा नियमच होता. आणि नियम म्हणून केलेली गोष्ट हळूहळू मुलांची सवय झाली. जीपमधून उतरल्यावर सोनी मला म्हणायची, "आक्का, बाजूला बघ. आई आली का?"

कांदा काढणीला आला. माझ्या वार्षिक परीक्षेचे दिवस होते, इतिहासाचं पुस्तक मी बांधावर घेऊन बसले होते. आमच्या रानात सावड आली आणि आईने सोनीला आपल्या बाजूला बसवलं.

हौसाआत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी काय साळा काढलीय व्हय गं? ऊन व्हायच्या आत वाफं उरकायचंत."

"अर्धीच देते, आत्या. तिचं राह्यलं तर मी वढते."

"मागच्या साली बी असंच म्हनलीस. निम्मं कांदं भुईत राह्यलं व्हतं."

सोनी मान खाली घालून बसली होती, पण उठली नाही. तेवढ्यात वरच्या बांधावरून आण्णा म्हणाले, "बसू द्या, आत्या. तिचा येवसाय हाय त्यो."

बायका फिसकन हसल्या. आण्णा कळंबला काय बोलले होते ते गावभर झालंच होतं. हौसाआत्याही हसली, आणि हसल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही.

सोनीने पात धरली. जीभ बाहेर काढून, बुडाशी धरून, पिळून, वर. काही तुटले. ते तिने बोटांनी उकरून काढले. हातभर झालं, आणि ती थांबली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाजूला कुणीच नव्हतं. बायका पुढे निघून गेल्या होत्या. सोनीला कळेना. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. ती मागे राहिली आहे असं तिला वाटतच नव्हतं, तिला वाटत होतं की बाकीच्यांचं बाजूला बघायचं राहिलं.

आई मागे सरकली. मग ओळीतल्या सगळ्यात पुढच्या जागेवरून हौसाआत्याचा आवाज आला, "थांबा गं बायांनो. माज्या पायात काटा घुसला."

ती बसून पाय चाचपत राहिली. बायका थांबल्या. सोनी आली. ओळ सरळ झाली. हौसाआत्याने कसलाही काटा न काढता पाय सोडला आणि पुन्हा कामाला लागली. थोड्या वेळाने तिला परत काटा घुसला. मग पदर सुटला. मग मिश्री लावायची राहिली होती. त्या दिवशी आमच्या रानात किती काटे उगवले होते देव जाणे. तिने एकदाही सोनीकडे वळून बघितलं नाही.

बांधाला टेकल्यावर सोनी उठून उभी राहिली आणि मागे बघत राहिली. तिची रांग नागमोडी होती, पण सगळ्या कांद्यांची डोकी एका अंगाला होती. हौसाआत्या पाणी पिता पिता म्हणाली, "गळके, लागली गं तुजी पात."

सोनीने लगेच विळा मागितला. उपटलेला कांदा वाळला की विळ्याने त्याची पात कापतात, ते पुढचं काम. रविवारी तिने नंदाताईंना सांगितलं, आता इळा. ताईंनी तिचे खरचटलेले हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "विळा पुढच्या वर्षी. आधी हे हात पक्के होऊ देत."

पुढच्या वर्षी त्या नव्हत्या. त्यांच्या संस्थेचं आमच्या भागातलं काम थांबलं. का थांबलं ते आम्हाला कळलं नाही, आणि ते ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं एवढं मात्र दिसत होतं. शेवटच्या रविवारी त्या मुलांसमोर हसत होत्या आणि पिशवी आवरताना भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. चिमटे त्यांनी मुलांना वाटून दिले. दोरी आईला दिली. म्हणाल्या, "सावड तुमचीच आहे." किसनला तोवर नाडीची गाठ यायला लागली होती, पण सुटली की तो अजून ताईंकडेच धावायचा. त्याची आई दारात उभी होती. ती कुणाला म्हणून नव्हे, असंच म्हणाली, "मंग आता आमी खाली कशाला यायाचं?" किसनला त्यानंतर आम्ही पाहिलेलं नाही.

घरी आईने काही दिवस दोरी टाकून सोनीला बसवलं. पण दोरीला दोन टोकं लागतात आणि मध्ये माणसं लागतात. मी शाळेत, आई रानात. सोनी एकटीच दोरी उचलायची, एकटीच पुढे टाकायची.

पुढची दोन-तीन वर्षं सावडीत तिची अर्धी पात होती. हौसाआत्याचे पाय दुखायला लागले तरी काटे वेळेवर घुसत होते. मग हौसाआत्या रानात यायची बंद झाली. तिच्या पोरांनी कांदा उक्ता द्यायला सुरुवात केली, मग दुसऱ्यांनी, मग आम्हीही. उक्तं म्हणजे सगळं रान एका टोळीला ठरवून द्यायचं, ती येते आणि भराभर उरकून पुढच्या गावाला जाते. त्यांचीही पोटं त्या घाईवरच असतात, त्यांना बोल कसा लावणार? पहिल्या वर्षी सोनी सवयीने त्यांच्या ओळीत जाऊन बसली. हातभर झाल्यावर थांबली आणि बाजूला बघितलं. टोळीचा मुकादम चांगला माणूस होता. तो आईला हळूच म्हणाला, "मावशी, पोरीला बाजूला घ्या. आमच्या बायांचा इळा लागंल तिला."

सोनीची पात तिच्याकडून कुणीच काढून घेतली नाही. आमच्या गावात पातच राहिली नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या वर्षी एका जाड पुस्तकात मी सोनीबद्दल वाचलं. म्हणजे तिचं नाव तिथे नव्हतं. हालचालींमधला समन्वय कमी असणारी मुलं, असं होतं. सगळं बरोबर लिहिलेलं होतं. बटणं, कप, उतरत जाणारी ओळ. अशा मुलांना गटात शिकवल्याने फायदा होतो, हेही होतं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. गट गेल्यावर त्या मुलांचं काय होतं ते मी शोधत होते. कदाचित पुढच्या एखाद्या पुस्तकात असेल. मला इंग्रजी अजून हळू वाचता येतं.

सोनी आता सोळा-सतरा वर्षांची आहे. नववीनंतर शाळा सुटली. ती दोरी परसात बांधलेली आहे, कपडे वाळत घालायला. सोनी धुणं वाळत घालते आणि ताईंचे उरलेसुरले चिमटे लावते, इतक्या सारख्या अंतरावर, की बघत राहावं. घरात अधूनमधून तिच्या लग्नाचं बोलणं निघतं, आणि पावणं आल्यावर चहाचा ट्रे कुणी न्यायचा इथे येऊन थांबतं. आधी ती दर सुगीला विचारायची, ताई इळा शिकवायला कधी येणार? आता विचारत नाही.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी आमच्या रानात होती. दुपारपर्यंत त्यांनी खालचा वाफा उरकला आणि वरच्या अंगाला गेले. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. आण्णा बराखीच्या, म्हणजे कांदा साठवायच्या जागेच्या, कुडाच्या भिंती ठोकून नीट करत होते. रिकाम्या वाफ्यात जमिनीत राहिलेले थोडे कांदे होते. त्याला आम्ही सरवा म्हणतो. ज्याने त्याने वेचून न्यावा, कुणी विचारत नाही.

सोनी एकटीच तिथे गेली. तिने कडेची जागा धरली आणि बसली. राहिलेला एक कांदा उपटला, ठेवला. पुढचा उपटला, ठेवला. डोकी एका अंगाला. हातभर झालं तशी ती थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्हीकडे उन्हाने पांढरी पडलेली मोकळी जमीन होती. ती तशीच बसून राहिली, एखादं माणूस दमाने दमाने येत असावं आणि त्याला अवघडू नये म्हणून आपण दुसरीकडे बघावं, तशी. मग तिने दोन्ही हात उचलले आणि हवेतलंच काहीतरी हातभर पुढे ठेवलं.

आण्णांचा हातोडा थांबला होता. त्यांनीही ते बघितलं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दर साली करती ती. सरवा असला का करती." आणि पुन्हा ठोकायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मला परत जायचं होतं. मी पुस्तक ओट्यावर पालथं ठेवलं आणि खाली गेले. सोनीच्या बाजूला उकिडवी बसले. ती नुसती थोडी सरकली आणि मला जागा दिली.

जमीन टणक झाली होती. पहिलाच कांदा माझ्या हातात तुटला. वसतिगृहात राहून माझे तळवे मऊ पडलेत. पाठीत लगेच कळ आली, लहानपणी यायची तशीच. मी बोटांनी माती उकरत बसले आणि सोनी आपली पात संपवून पुढे पोचलीसुद्धा. तिथे ती थांबली. तिने बाजूला बघितलं. मी मागे होते.

"आक्का, दमानं ये," ती म्हणाली. "मी थांबलीय."

मी आले. तिने माझ्या कांद्यांची डोकी एका अंगाला करून घेतली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दोरी."

आम्ही दोघींनी हात उचलले.